घोडो बांधून इलंय

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सिंधुदुर्गात दोन गोष्टी रस्त्यावर दिसायला लागतात. एक, प्रचाराच्या रिक्षा. दुसरी, गोणपाटात गुंडाळलेली लांबुडकी वस्तू काखोटीला मारून एसटीची वाट बघणारी म्हातारी माणसं. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका मतदान होईपर्यंत ठाण्यात जमा करायच्या, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारचे आबा त्या दिवशी हेच काम उरकून भर दुपारी आमच्या खळ्यात आले, पायरीवर टेकले, तांब्यातलं पाणी वरून ओतून घटाघटा प्यायले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, ‘‘घोडो बांधून इलंय एकदाचो.’’ माझी भाची सुट्टीला आली होती, दुसरीतली, मुंबईची. हातातली करवंदं तिथंच टाकून ती उठली आणि थेट आबांच्या गोठ्याकडे धावत सुटली. गोठ्यात आबांची म्हैस, दुसरं कोणी नाही. परत आल्यावर तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘‘आजोबा, घोडा कुठाय?’’ आबा हसता हसता खोकायला लागले. मग त्यांनी हवेतच बंदूक धरली, अंगठ्यानं काहीतरी मागं ओढल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘‘ह्यो घोडो.’’ तिचं समाधान होईना. त्याला घोडा का म्हणतात? आबांनी जरा विचार केला. ‘‘म्हणतत म्हणान म्हणतत,’’ ते म्हणाले आणि माकडांच्या विषयाकडे वळले. बंदूक ठाण्यात गेली की ती बातमी माकडांना सगळ्यात आधी कळते असं त्यांचं ठाम मत आहे.

पोर विसरून गेली. मला मात्र तो घोडा काही सोडवेना.

आबांची बंदूक ठासणीची, एकनळी. त्यांच्या वडिलांच्या परवान्यावरून त्यांच्या नावावर आलेली. दस्ता तेलाच्या हातांनी काळा पडलेला, आणि नळीच्या मुळाशी उजव्या अंगाला, मान वाकवून बसलेला तो लोखंडाचा तुकडा, म्हणजेच घोडा. लहानपणी त्यांनी मला ती भरताना बघू दिली होती, हात मात्र लावू दिला नव्हता. आधी दारू, मग नारळाच्या सोडणाचा चोथा, मग गजानं ठासणं, मग छरे, पुन्हा चोथा, पुन्हा ठासणं. हे सगळं करताना आबा बोलत नसत. शेवटी घोड्याखालच्या खुंटीवर, घाव बसला की ठिणगी देणारी तांब्याची इवलीशी केप बसवायची आणि अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा. तेव्हा आतून दोन आवाज येतात. पहिला ‘कट’, तिथं घोडा अर्ध्यावर अडकतो आणि चाप ओढला तरी पडत नाही, पडू नये अशी अपेक्षा असते. दुसरा ‘कट’, तो पुरा चढतो. जुन्या बंदुकीत अर्ध्यावरचा घोडा कधीकधी दगा देई आणि भलत्याच वेळी बार सुटे. इंग्रजीत पूर्वतयारी न करता तोंड उघडणाऱ्या माणसाबद्दल ‘हाफ कॉक्ड’ म्हणतात ते यावरूनच. तिकडे या तुकड्याचं नाव ‘कॉक’, म्हणजे कोंबडा. जर्मन माणूसही त्याला ‘हान’ म्हणजे कोंबडाच म्हणतो. डच लोकांनी चकमकीच्या एका जुन्या बंदुकीचं नावच ‘स्नाफान’ ठेवलं होतं, झटक्यात टोच मारणारा कोंबडा. ते बघितलं तर पटतं, गारगोटी तोंडात धरलेला तो तुकडा खरंच खाली मान घालून पोलादावर टोच मारतो. फ्रेंच लोक त्यालाच कुत्रा म्हणतात. आणि आपण घोडा.

एकाच वस्तूकडे बघून कुणाला कोंबडा दिसला, कुणाला कुत्रा, कुणाला घोडा. ज्याच्या त्याच्या अंगणात जे बांधलेलं होतं ते त्यानं बंदुकीवर आणून बसवलं असावं, असं आधी वाटलं. पण मग आमच्या कोकणात घोडा कुठून? घाट चढायला बैल, ओझ्याला माणूस. म्हणजे हे नाव देशावरच्या एखाद्या शिपाईगड्याबरोबर घाट उतरून आलं असणार. आबांचं उत्तर आठवून मी तिथंच थांबले. या धंद्यातल्या शब्दांना नंतर चिकटवलेल्या कहाण्या इतक्या आहेत की ‘म्हणतत म्हणान म्हणतत’ हेच पुष्कळदा सगळ्यात प्रामाणिक ठरतं. शार्पशूटर घ्या. अमेरिकेत शार्प्स नावाची रायफल होती, तिच्यावरून हा शब्द आला असं छातीठोकपणे सांगतात. ती रायफल १८४८ च्या पेटंटची, आणि शब्द त्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधीपासून इंग्रजीत वावरतोय, जर्मन ‘शार्फश्युट्झ’चं सरळ रूपांतर होऊन. किंवा नेमबाज मंडळींची ‘डोप’. वारा किती, अंतर किती, मागच्या वेळी काटा कुठं ठेवला होता, या नोंदींना ते डोप म्हणतात आणि तो चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा जोड आहे असंही सांगतात. आद्याक्षरं मागाहून बसवलेली. मूळ शब्द रेसच्या घोड्यांच्या आतल्या खबरींचा, आणि त्याच्याही मागं गेलं तर डचांची एक पातळ चटणी निघते, पाव बुडवून खायची.

काडतूस मात्र आमच्या दारातून आत आलं. पोर्तुगीजांचं ‘कार्तूशु’, आपण त्याचं काडतूस केलं. पिस्तूलही त्यांचंच. १५१० साली गोवा घेतल्यावर वेंगुर्ल्यापासून वसईपर्यंतच्या या पट्टीत त्यांची गलबतं कायम घिरट्या घालत होती, त्यांच्याशी लढता लढता आणि व्यापार करता करता आपण त्यांचे शब्द खिशात घातले. गंमत अशी की त्याच गलबतांतून काजू आला, अननस आला, पपई आली. आज आबा ज्या काजूच्या बागेसाठी माकडांवर बंदूक रोखून उभे राहतात, तो काजू आणि ते काडतूस एकाच बंदरात उतरलेले. माकडं तेवढी इथली. आबांच्या बंदुकीला काडतूस लागत नाही हे खरं, पण ‘काडतुसाची’ बंदूक ज्याच्याकडे आहे त्याच्याबद्दल ते जरा अदबीनं बोलतात. आणि त्यांचे बार हल्ली हवेतच जातात. १९७२ च्या कायद्यानंतर रानातल्या जनावरावर नुसती बंदूक उचलायचीही धास्ती असते, माकडांना ती धास्ती नसते, त्यामुळे सामना बरोबरीचा नाही अशी त्यांची तक्रार.

पावसाळ्यात या बंदुकीचा काही भरवसा नसतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पापड सादळतात, काडेपेटी सादळते, पुस्तकं सादळतात, आणि दारूही सादळते. सादळलेल्या दारूचा बार दोन प्रकारे फसतो. एक म्हणजे नुसतंच फुस्स होतं. केपेच्याही आधीच्या बंदुकांना कानाशी, म्हणजे आतल्या दारूपर्यंत जाणाऱ्या भोकाशी, एक खळगी असायची, तिच्यात बारीक दारू टाकत, तिला रंजक म्हणत. रंजक पेटायची, डोळ्यांपुढं भपकन उजेड व्हायचा, आणि आतली दारू ढिम्म. इंग्रजीत त्या खळगीतल्या उजेडावरून ‘फ्लॅश इन द पॅन’ निघालं, चार दिवस चमकून विझलेल्या माणसाला ते लावतात. आपल्याकडे त्याच जातीच्या माणसाला फुसका बार म्हणतात, आणि मला आपलं जास्त आवडतं, त्यात आवाज आहे. दुसरा प्रकार वाईट. घोडा पडतो, काहीच होत नाही, आणि शिकारी नळी खाली करून आत बघायला जातो तेवढ्यात बार सुटतो. आबांच्या एका चुलत्याचा कान असाच गेला. ‘‘घोडो पडलो आणि बार सुटाक नाय, तर नळी तशीच धरून ऱ्हव. घाई करू नको गे बाय,’’ असं त्यांनी मला सांगितलं होतं, जणू काही मी उद्याच बंदूक उचलणार होते. या रेंगाळलेल्या बाराला इंग्रजीत ‘हँग फायर’ म्हणतात. मुंबईच्या ऑफिसात एखादा निर्णय अडकला की आमचे साहेब हाच शब्द वापरायचे, आणि दर वेळी मला तो कान आठवायचा.

खरं नवल मला कॉलेजात वाटलं. मी एनसीसीत होते. पहिल्या शस्त्राच्या तासाला उस्तादांनी पॉइंट टू टू रायफल पुढ्यात ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘अब हम सीखेंगे, दुरुस्त शिस्त लेना.’’ आम्ही सगळ्या ताठ झालो, ओळ सरळ केली, वेण्या मागं टाकल्या. उस्ताद बघतच राहिले. त्यांना म्हणायचं होतं नेम धरणं. लष्कराच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. मागची खाच, पुढच्या दांड्याचं टोक आणि निशाणाचा तळ हे तिन्ही एका रेषेत आले की शिस्त बरोबर. शब्द फारसी, ‘शस्त’, म्हणजे अंगठा. धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायची कडी. आणि मासे पकडायचा गळसुद्धा. त्या कडीपासून नेम, नेमापासून रेष, रेषेपासून रांग, आणि रांगेपासून आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं ‘शिस्त हेच जीवन’. म्हणजे वर्षानुवर्षं आमच्या बाई आम्हांला पट्टी उगारून जे सांगत होत्या ते मुळात कुणा तिरंदाजाच्या अंगठ्याचं काम होतं. आणि आपला ‘नेम’ तरी काय वेगळा करतो? आजी चातुर्मासात नेम धरायची, म्हणजे एक वेळ जेवायची, कांदा-लसूण बंद. मामा बेचकीनं कैरीवर नेम धरायचा. पावसाचा काही नेम नाही, एसटीचा काही नेम नाही, माणसाचा तर नाहीच नाही. व्रत आणि निशाण एकाच शब्दात राहतात आणि त्यांची भांडणं होत नाहीत. या दोन्ही शब्दांनी मारण्याची बाजू कधी सोडून दिली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ‘लक्षात’ म्हणताना आता मला लक्ष्यही दिसायला लागलंय. याला काही औषध नाही.

उस्तादांनी मग फळ्यावर खडूनं गोलात गोल काढले. सगळ्यात आतला बुल. त्याबाहेर इनर. त्याबाहेर मॅगपाय. शेवटचा आउटर. बुल, इनर, आउटर समजण्यासारखे होते. मॅगपाय हे काय प्रकरण आहे ते उस्तादांनाही ठाऊक नव्हतं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. शेजारची मुलगी म्हणाली, खायचं काहीतरी असेल. मॅगपाय हा विलायतेतला काळा-पांढरा पक्षी. तिथल्या मैदानावर, निशाणाखालच्या खंदकात बसलेला माणूस गोळी कुठं लागली ते काठीवरच्या चकत्या दाखवून कळवायचा, आणि या वर्तुळासाठी त्याची खूण होती काळी-पांढरी. शिपायांनी तिला पक्ष्याचं नाव दिलं, वर्तुळाला ते चिकटलं, आणि साहेबाबरोबर जहाजात बसून ते हिंदुस्थानात आलं. तो पक्षी भारतात बघायचा तर पार लडाख-काश्मीरकडे जावं लागतं. पण खडूचा तो गोल सिंधुदुर्गातल्या एका कौलारू वर्गात, बाहेर आडव्या पावसाचा मारा चालू असताना, मॅगपाय म्हणूनच पाठ करून घेतला जात होता. खिडकीबाहेर कुंपणावर आमचा दयाळ बसला होता, तितकाच काळा-पांढरा. इंग्रजांना तो बघून घरची आठवण आली असावी, त्यांनी त्याचंही नाव मॅगपाय-रॉबिन ठेवलं, जे त्याचं मुळीच काही लागत नाही. सैन्यातले शब्द असेच. विटीदांडूत आम्ही ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणून टोले मोजायचो तेव्हा तरी कुठं माहीत होतं की ती तेलुगू-कानडीची उजळणी आहे.

अमेरिकेच्या मैदानावरचा एक शब्द तर मला फारच आवडतो. तिथं गोळी निशाणाला अजिबात लागली नाही की खंदकातून लाल झेंडा हलवत. त्या लाल फडक्याचं नाव ‘मॅगीज ड्रॉअर्स’, मॅगीची चड्डी. एका चावट गाण्यातून आलं म्हणतात. ऐन विशीतली, घरापासून लांब, घाबरलेली पोरं, आणि त्यांच्या चुकीची जाहिरात सगळ्या मैदानाला करायला एक लाल फडकं. त्याला हसायचं नाही तर काय करायचं? आमच्या रेंजवर फडकं नव्हतं. उस्ताद नुसतंच ‘‘गोली समुंदर में गयी’’ म्हणायचे. समुद्र तिथून बराच लांब होता.

आता मुख्य शब्द. जगातल्या सगळ्या नेमबाजांचा मेरुमणी, स्नायपर. माझा भाचा, त्या घोडा शोधणाऱ्या पोरीचा थोरला भाऊ, मोबाइलवर तो शब्द दिवसातून शंभरदा उच्चारतो. ओटीवर उताणा पडून, कानात बोंडं घालून, मुंबईतल्या मित्रांना ओरडून सांगत असतो, ‘‘मी इकडून स्नायपिंग करतोय, तुम्ही पुढे जा.’’ ओटीवरून समोर वायंगणाचा मळा दिसतो. पावसाळी भात कापून झालं की पाटाचं पाणी फिरवून आम्ही थंडीत तिथंच पुन्हा भात करतो. डिसेंबरात त्या चिखलात उत्तरेकडून पाणलावे उतरतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव, पाठीवर वाळल्या गवताच्या रेघा, आणि अंगाच्या मानानं हास्यास्पद लांब चोच. ती चोच शिवणकाम केल्यागत चिखलात खुपसत राहायचं, बाकी काही काम नाही. तुम्ही बांधावरून चालत जाल तर तो दिसणार नाही. पायाखाली येईपर्यंत तो गच्च बसून असतो, आणि मग एकदम ‘स्काप!’ असं घोगरं ओरडून उडतो, तोही सरळ नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि तुम्ही मान वळवेपर्यंत गेलेला.

इंग्रजीत याला स्नाइप म्हणतात.

अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या कंपनीच्या छावण्यांमधले इंग्रज अधिकारी कंटाळा आला की भातखाचरांत याची शिकार करायला जायचे. १७७० च्या दशकात घरी पाठवलेल्या पत्रांत ‘स्नायपिंगला जाणे’ हा शब्दप्रयोग सापडतो. हातात चकमकीची, एकदा उडाली की पुन्हा भरेपर्यंत पक्षी पुढच्या गावात अशी बंदूक, आणि समोर हा वाकडातिकडा पळणारा जीव. ज्याला तो पाडता येई त्याचा नेम पक्का. पुढं १८२० च्या दशकात ‘स्नायपर’ हे नाम दिसायला लागलं, लपून एकेकट्या माणसावर गोळी झाडणाऱ्याला. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ पासून वर्तमानपत्रांनी ते घरोघर पोचवलं. आज ते जगभरच्या सैन्यांत आणि माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये आहे. या शब्दाची नाळ विलायतेतल्या कुठल्या लष्करी शाळेत पुरलेली नाही, ती हिंदुस्थानच्या चिखलात आहे, आमच्या वायंगणासारख्याच कुठल्यातरी खाचरात.

मला याचा अभिमान वाटावा की कसं, ते ठरवता येत नाही. शब्दाचं मूळ आपल्या मातीत सापडलं की एरवी आपण खूश होतो. पण इथं पक्ष्याच्या जागी माणूस येऊन बसला आहे, आणि शब्दात त्याचा मागमूस नाही. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, ‘‘पक्षी गावाक नाय म्हणान माणसां मारूक लागले काय ते?’’ मी म्हटलं, थोडंफार तसंच. ‘‘आणि तेच्यार मांस किती? वाटीभर नाय.’’ हे त्यांनी पक्ष्याबद्दल म्हटलं असावं.

स्नायपरच्या अंगावरचा तो झिपरा पोशाख सिनेमात सगळ्यांनी पाहिलेला असतो, गवत, चिंध्या, दोऱ्या लोंबणारा. त्याचं नाव घिली सूट. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये ‘गिला’ म्हणजे पोर्‍या, हरकाम्या. सरदारांच्या शिकारीत हरणाचा माग काढायचा, साहेबाला वाऱ्याच्या उलट्या बाजूनं नेऊन बसवायचं, मेलेलं जनावर खांद्यावरून आणायचं, हे सगळं काम घिलीचं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी १९०० साली लॉर्ड लोव्हाटनं या शिकाररक्षकांचीच एक पलटण उभी केली, लोव्हाट स्काउट्स, आणि पहिल्या महायुद्धात १९१६ साली तिच्यातून ब्रिटिशांचं पहिलं स्नायपर पथक निघालं. नोकराचा अंगरखा असा शास्त्र झाला. त्याचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमचं इरलं आठवलं. लावणीच्या दिवसांत पाठीवर पानांचं इरलं घेऊन ओणवी झालेली बाई दुरून बघितलीत तर ती बाई आहे की बांधावरचं झुडूप, सांगता येत नाही. माझे आजोबा हाक्याला जायचे. त्यांच्या हातात कधी बंदूक नव्हती, पत्र्याचा डबा आणि काठी. रान उठवायचं, डुक्कर बंदूकवाल्याच्या अंगावर घालायचं, आणि संध्याकाळी मिळेल तो वाटा घेऊन घरी यायचं. एकदा ते डुकरापेक्षा बंदूकवाल्यांना जास्त घाबरल्याचं सांगायचे, कारण माळ्यावर बसलेल्यांतला एकजण पाहुणा होता आणि प्यायलेला होता. बंदुकीची दारू आणि ती दारू, आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द पुरतो. घिलीच्या नावानं निदान एक पोशाख तरी राहिला. डबा वाजवणाऱ्याच्या नावानं काही राहिलेलं नाही.

मुंबईहून गावी येताना रायगडातलं माणगाव लागतं. तिथं नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्याच तालुक्यातले, पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज तुकडीतला एकही माणूस धड उरला नाही. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद केली, टॉमीगननं एकाला पाडलं, आणि मग गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं हाणलं. शत्रूचं ते ठाणं त्यांनी घेतलं. आणि तिथंच त्यांना स्नायपरांच्या गोळ्या लागल्या, छातीत आणि पाठीत. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या खाचरांसारख्या खाचरांतून निघालेला शब्द दीडशेहून जास्त वर्षं जगभर भटकून इटलीच्या त्या खोऱ्यात गेला होता, आणि भातखाचरांच्याच मुलखातला एक मुलगा तिथं त्याच्यासमोर उभा राहिला. या जुळणीत काही अर्थ नसेल. पण गाडी माणगावच्या कोंडीत अडकली की मी खिडकीतून त्या बाजूला बघते, आणि भाच्याच्या तोंडचा तो शब्द मग काही वेळ ऐकवत नाही.

तरी मी त्याला टोकत नाही. आबाही कधी ‘मारलं’ म्हणत नाहीत. त्यांच्या जुन्या गोष्टींत रानडुक्कर ‘पडलो’, भेकर ‘बसला’, बार ‘लागलो’ किंवा ‘फुकट गेलो’. कर्ता कुठंच नाही. बंदूक जणू स्वतःच रानात फिरून आली. मी एकदा विचारलं, आबा, मारलं असं का नाही म्हणत? तर म्हणाले, मोठ्यानं तसं म्हटलं तर पुढच्या खेपेला जनावर येत नाही. हे कारण खरं की आत्ताच सुचलेलं, त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. कोंबडा, कुत्रा, घोडा, पाणलावा, मॅगीची चड्डी, सगळ्यांची सोय तीच असावी. चापावर बोट ठेवणाऱ्याला दुसरीकडे कुठंतरी बघायला हवं असतं, आणि शब्द ती जागा करून देतात. मी तरी हे लिहिताना शब्दांकडेच बघत बसले आहे.

भाचा या सुट्टीत आबांच्या पायरीवर बराच बसला. त्यांना तो गेम शिकवत होता. आबांना चष्म्यातून काही दिसत नव्हतं, पण ते सूचना देत होते. वारा खंयसून येता ता बघ. घाई करू नको. थांब. दोघांचं चांगलं जमलं. परवा मुंबईहून त्याच्या आईचा फोन आला, म्हणे हा आता गेममध्ये गोळी लागली की ‘मेलो’ म्हणत नाही, ‘पडलंय’ म्हणून ओरडतो, आणि फोनवरची बाकीची तीन पोरं घाबरून विचारतात, कुठं पडलास, लागलं का रे?